शेणखत, मातीतले सूक्ष्मजीव आणि विकरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माती परीक्षणाच्या कामात आणि शिवारफेरीत शेतकरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, फोनवर पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवलेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शेणखत टाकलं की जिवाणू वाढतात म्हणतात. म्हणजे शेणातले जिवाणूच शेतात वाढतात का?

बहुतेक नाही. शेणातले जिवाणू जनावराच्या पोटात वाढलेले. तिथे प्राणवायू जवळपास नसतो, ऊब कायम असते आणि चारा सतत येत राहतो. शेतात आल्यावर त्यांना ऊन, हवा आणि उपास सोसावा लागतो. शिवाय तिथे आधीपासून वस्ती करून बसलेल्यांशी झुंज असते. काही आठवड्यांत त्यातले बरेचसे संपतात.

वाढतात ते तुमच्या रानातले मूळचे रहिवासी. एक ग्रॅम चांगल्या मातीत दहा कोटी ते शंभर कोटी जिवाणू असतात, पण त्यातले बहुसंख्य उपाशी, निपचित पडलेले असतात. शेणखत हे त्यांचं जेवण. म्हणूनच शेण निर्जंतुक करून मातीत मिसळलं तरी मातीतली जिवाणूंची संख्या वाढते.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. पोटाचे आजार करणारे काही जिवाणू ओल्या मातीत कित्येक आठवडे, कधी महिनेही टिकतात. कोथिंबीर, मुळा, गाजर अशा कच्च्या खायच्या पिकांना ताजं शेण कधीच घालू नका. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत, खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर कच्चं खत घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवसांचं अंतर सांगितलं आहे. आपणही तेवढं पाळायला हरकत नाही.

२. विकर म्हणजे काय? तो जिवाणूचाच प्रकार आहे का?

नाही. विकर, म्हणजे एन्झाइम, हे एक प्रथिन आहे आणि ते सजीव पेशी तयार करते. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो ना? लाळेतलं विकर पिठातल्या स्टार्चची साखर करतं म्हणून तो गोड लागतो. जिवाणूला तोंड नाही, पोट नाही. काडीकचरा त्याला गिळता येत नाही. म्हणून तो विकर अंगाबाहेर सोडतो, अन्न बाहेरच पचवतो आणि विरघळलेलं शोषून घेतो. बुरशीही तेच करते, पिकाची मुळंही थोड्या प्रमाणात करतात.

बाहेर सोडलेलं सगळं विकर लगेच नष्ट होत नाही. काही चिकणमातीच्या कणांना आणि ह्यूमसला, म्हणजे पूर्ण कुजून काळ्या झालेल्या सेंद्रिय पदार्थाला, चिकटून बसतं आणि ज्याने ते बनवलं तो जिवाणू मेल्यावरही काम करत राहतं. त्यामुळे विकरांचं मोजमाप म्हणजे थेट जिवंत जिवाणूंची शिरगणती नव्हे. काळ्या चिकण जमिनीत हा साठा मोठा असतो, हलक्या मुरमाड रानात कमी.

३. प्रयोगशाळेत कोणती विकरं मोजतात आणि त्यातून काय कळतं?

माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलकं विकर डिहायड्रोजिनेज. ते फक्त जिवंत पेशीच्या आत काम करतं, पेशी मेली की संपलं. त्यामुळे मातीत आत्ता किती जीव श्वास घेतोय याचा तो बऱ्यापैकी खरा अंदाज देतो. चाचणीत मातीत एक रंगहीन रसायन घालून नळी २४ तास ३७ अंशांवर ठेवतात. जिवंत पेशी त्याचं लाल रंगात रूपांतर करतात. एकाच बांधाच्या दोन्ही बाजूंची माती, एकीकडे दरवर्षी शेणखत पडलेलं, दुसरीकडे पंधरा वर्षांत एक पाटीही नाही. एक नळी डाळिंबी लाल, दुसरी जेमतेम गुलाबी. तो फरक शेतकऱ्याला दाखवला की पुढे फार समजावून सांगावं लागत नाही.

फॉस्फेटेज सेंद्रिय पदार्थात अडकलेलं स्फुरद मोकळं करतं. त्याचे आम्ल आणि अल्क असे दोन प्रकार असतात (प्रश्न ११). युरीएज युरियाचा अमोनिया करतं (प्रश्न १०). बीटा-ग्लुकोसिडेज हे काडी कुजण्याच्या अखेरच्या पायरीवरचं विकर. त्याच्यामुळे ग्लुकोज तयार होतं आणि बाकीच्या जिवांना ऊर्जा मिळते. सेंद्रिय कर्बाचा आकडा हलायला बरीच वर्षं लागतात, पण हे विकर दोन-तीन वर्षांतच सांगू लागतं की रान सुधारतंय की ढासळतंय. गंधकासाठी अ‍ॅरिलसल्फेटेज पाहतात. सोयाबीन, कांदा, तेलबिया घेणाऱ्यांना त्याचा उपयोग.

‘किती आकडा चांगला?’ याला एकच उत्तर नाही. प्रत्येक प्रयोगशाळेची पद्धत थोडी वेगळी असते आणि ऋतूप्रमाणे आकडा दुपटीनेही बदलतो. तुलना करायची तर एकाच प्रयोगशाळेत, एकाच दिवशी काढलेल्या, शेजारच्या दोन रानांच्या नमुन्यांची करा. आणखी एक, पाणी तुंबलेल्या भातखाचरात डिहायड्रोजिनेज फुगलेला दिसतो. त्याची तुलना कोरडवाहू रानाशी करू नये.

४. मृदा आरोग्य पत्रिकेत विकरांचा रकानाच नाही. मग घरच्या घरी कसं ओळखायचं?

बरोबर आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा बाबी असतात : सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचा आकडा), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्यं. जीवशास्त्राचा त्यात एकही रकाना नाही. हा रकाना असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

तोवर सेंद्रिय कर्बाचा आकडा दर दोन-तीन वर्षांनी एकाच जागेवरून तपासा. घरी करायचं तर धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडाचे सारखे तुकडे दोन रानांत वीतभर खोल, वाफसा (माती ओलसर पण चिखल नाही अशी स्थिती) असताना पुरा आणि दोन महिन्यांनी काढा. कापड म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. ज्या रानात ते जास्त विरलं, तिथली विकरं जास्त कामाला आहेत. टेरिकॉटचं कापड घेऊ नका, ते कुजणार नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून फेस पाहण्याची चाचणी मात्र फसवी आहे. कॅटलेज या विकरामुळे फेस येतो हे खरं, पण मातीतल्या मँगनीजमुळेही येतो आणि आपल्या काळ्या जमिनीत मँगनीज असतंच. फेस पाहून कुणी औषध विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

५. ताजं शेण थेट शेतात टाकलं तर काय बिघडतं? कुजवायचा खटाटोप कशाला?

नुसतं ताजं शेण आणि गोठ्यातला काडीकचरा मिसळलेलं ताजं खत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्रास जास्त दुसऱ्यात.

हिशोब असा. जिवाणूच्या शरीरात एक भाग नत्राला साधारण आठ भाग कर्ब असतो. पण जेवढा कर्ब तो अंगी लावतो, त्याच्या साधारण दुप्पट श्वासातून बाहेर टाकतो. म्हणजे एक भाग नत्रामागे त्याला चोवीस भाग कर्ब लागतो. शेणात हे प्रमाण वीस-पंचवीसच्या आसपास, म्हणजे जिवाणूच्या सोयीचं. गव्हाच्या काडात ते ऐंशीच्या घरात, उसाच्या पाचटात शंभराच्याही वर. असं काड मातीत गेलं की जिवाणू जोमाने वाढतात, पण लागणारं नत्र ते मातीतून ओढतात. पीक पिवळं पडतं. ‘शेणखत टाकलं आणि पीक पिवळं पडलं’ अशी तक्रार येते तेव्हा दहापैकी आठ वेळा मी हेच विचारतो की खतात काड किती होतं? जिवाणू मेले की ते नत्र परत मिळतं, फक्त पिकाची वेळ तोवर टळलेली असते.

दुसरं कारण हुमणी, म्हणजे मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी. न कुजलेल्या खताच्या ढिगात भुंगेरे अंडी घालतात आणि अळ्या खताबरोबर शेतात जातात. कोकणात हेच गेंड्या भुंग्याचं. त्याचं पैदासकेंद्र म्हणजे माडाशेजारचा उकिरडा. अशा ठिकाणी उकिरड्यातच मेटारायझियम ही मित्रबुरशी मिसळावी. आणि नीट रचलेला ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो, त्यात तणांचं बी आणि रोगजंतू मरतात.

६. शेणखत, लेंडीखत, कोंबडीखत, गोबरगॅसची स्लरी : जिवाणूंना सगळ्यात चांगलं कोणतं?

प्रत्येकाचा स्वभाव निराळा. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, पण कर्ब भरपूर आणि तो सावकाश सुटणारा. जिवाणूंबरोबर बुरशीही पोसली जाते. विकरांची वाढ हळूहळू होते, पण टिकते.

कोंबडीखतात नत्र तीन टक्क्यांच्या आसपास. कर्ब-नत्राचं प्रमाण दहाच्या जवळ. जिवाणूंची संख्या झपाट्याने चढते आणि झपाट्याने उतरते. दरवर्षी एकट्या कोंबडीखतावर भर दिला की स्फुरद साठत जातं आणि मुळांशी भागीदारी करणारी मायकोरायझा बुरशी आळसावते. स्फुरद आयतं मिळत असेल तर पीक तिला साखर देत नाही. ताजं कोंबडीखत मुळाशी लागलं तर अमोनियाने रोप जळतं, हे तर सगळ्यांनी पाहिलेलंच आहे.

लेंडीखत या दोहोंच्या मधलं. मेंढ्या बसवण्याची आपली रीत मला फार शहाणपणाची वाटते. उन्हाळ्यात धनगराचा कळप रात्री रानात बसतो, लेंडी आणि मूत दोन्ही जागेवरच पडतात आणि वाहतुकीचा खर्च वाचतो. मूत हवेत उडून जाऊ नये म्हणून कळप उठला की एक उथळ पाळी घालावी.

स्लरीत नत्र टिकून असतं आणि लवकर लागू पडतं, पण सहज पचणारा कर्ब गॅस होऊन चुलीत गेलेला असतो. त्यामुळे पिकाला ती चांगली, पण मातीतल्या जिवांच्या पोटाला थोडी हलकी. पालापाचोळ्यावर शिंपडून कुजवली तर दोन्ही साधतं. शेण कमी आणि काडीकचरा जास्त असेल त्यांच्यासाठी पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी आजही उत्तम : १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांच्या भिंतीत हवेला भोकं ठेवलेली. तीन ते चार महिन्यांत खत तयार होतं.

७. एकदाच भरपूर टाकावं की दरवर्षी थोडं?

दरवर्षी थोडं. वरच्या सहा इंचांत एकरी साधारण ९०० टन माती असते. त्यात तुम्ही चार टन खत घातलंत तर ते अर्धा टक्कासुद्धा नाही. आपल्या उष्ण हवेत त्यातला बराचसा कर्ब एक-दोन हंगामांत हवेत निघून जातो. दर पाच वर्षांनी एकदा वीस टन टाकलं तर पहिल्या वर्षी जिवाणूंची चंगळ आणि पुढे उपास. कोरडवाहू पिकांना साधारण हेक्टरी ५ टन, म्हणजे दहा-बारा गाड्या, अशी शिफारस असते. तेवढंही नसेल तर रानाचे तीन भाग करून आळीपाळीने घाला.

तरीही टाकलेलं पूर्ण वाया जात नाही, याचा पुरावा इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडला आहे. तिथे हूसफील्ड नावाच्या रानातल्या एका तुकड्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षं शेणखत दिलं आणि मग कायमचं बंद केलं. शंभराहून अधिक वर्षांनीसुद्धा त्या मातीत सेंद्रिय पदार्थ शेजारच्या कधीच खत न दिलेल्या तुकड्यापेक्षा जास्त भरला. ती हवा थंड आहे, आपल्याकडे एवढं टिकणार नाही. पण वीस वर्षांचं सातत्य काय करतं ते यातून दिसतं.

८. मे महिन्यात शेतात खताचे ढीग टाकून ठेवतो, पाऊस पडला की पसरतो. चालेल ना?

गाडीवाट मोकळी असते, बैल-ट्रॅक्टर रिकामे असतात, म्हणून सगळे असंच करतात. अडचण कळते, पण नुकसान मोठं आहे. उघड्या ढिगातलं नत्र अमोनिया होऊन उडतं, वळवाच्या सरीने उरलेलं ढिगाखालीच झिरपतं. मग त्या जागी पीक काळंभोर आणि बाकी रान फिकं, असे ठिपके पुढे हंगामभर दिसतात. मोठा एकच ढीग करून पालापाचोळ्याने किंवा मातीने झाका आणि पेरणीआधीच्या पाळीला पसरून लगेच मिसळा.

यामागे एक सुंदर गोष्ट आहे. उन्हाळ्यात सुकलेल्या मातीवर पहिला पाऊस पडला की जिवाणू एकदम जागे होतात, काही तासांत त्यांचा श्वास कैकपट वाढतो आणि नत्राचा मोठा लोंढा सुटतो. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये याचा नीट अभ्यास मांडला. म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. पहिल्या पावसाच्या त्या मृद्गंधातही जिवाणूंचाच वाटा असतो, जिऑस्मिन नावाचं द्रव्य ते तयार करतात. खत आधीच मातीत मिसळलेलं असेल तर या जागरणाच्या वेळी त्यांच्यापुढे पान वाढलेलं असतं.

९. रासायनिक खतांनी जिवाणू मरतात, हे खरं का?

सरसकट खरं नाही. १९७० पासून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे दीर्घकालीन खत प्रयोग देशभर चालू आहेत. आपल्याकडे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून काळ्या जमिनीत ज्वारी-गहू या पीकपद्धतीवर तसा प्रयोग आहे. अशा प्रयोगांतून साधारण एकच क्रम दिसतो. काहीच न दिलेल्या तुकड्यात विकरं सगळ्यात कमी, संतुलित नत्र-स्फुरद-पालाश दिलेल्यात त्याहून जास्त आणि त्याच्या जोडीला हेक्टरी १० टन शेणखत दिलेल्यात सर्वांत जास्त. कारण सरळ आहे. खत मिळालेल्या पिकाची मुळं जास्त वाढतात आणि मुळं हेही जिवाणूंचं अन्नच.

नुकसान होतं ते एकट्या नत्राच्या वर्षानुवर्षांच्या माऱ्याने, विशेषतः आधीच आम्ल असलेल्या जमिनीत, कारण सामू आणखी घसरतो. आणि खताच्या पोत्यामुळे शेणखत बंद होतं, हे खरं दुखणं.

१०. शेणखत घातलेल्या रानात युरिया जास्त लागू पडतो की उडून जातो?

हा प्रश्न विचारणारे थोडे, पण पैसे वाचवणारा हाच. शेणखताने युरीएज वाढतं. म्हणजे युरियाचा अमोनिया जास्त वेगाने होतो. माती काळी, सामू आठच्या वर, युरिया वरच्या वर फेकलेला आणि दुपारचं ऊन, हे सगळं जुळून आलं की अमोनिया हवेत जातो. युरिया मातीआड करा किंवा फेकल्यावर लगेच हलकं पाणी द्या. मातीत गेलेला अमोनिया शेणखताच्या ह्यूमसला आणि चिकणमातीला धरून राहतो, तेव्हा तेच शेणखत तुमच्या बाजूने काम करतं.

‘पण आता सगळा युरिया निमकोटेड आहे ना?’ आहे, २०१५ पासून. निंबोळी तेल मुख्यतः अमोनियाचं नायट्रेट होण्याचा वेग कमी करतं. युरीएजला ते फारसं अडवत नाही. हवेत उडणं त्याने थांबेल असं धरून चालू नका.

११. आमची जमीन जांभी, मेव्हण्यांची काळी, भावाची चोपण. तिन्हीकडे शेणखताचा परिणाम सारखाच का?

नाही. कोकण-गोव्याच्या जांभ्या मातीत सामू पाच-सहा, स्फुरद लोह आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये घट्ट अडकलेलं. तिथे आम्ल फॉस्फेटेजचं राज्य. शेणखत कुजताना निघणारी सेंद्रिय आम्लं लोहाच्या त्या जागा व्यापतात आणि स्फुरद मोकळं राहायला मदत होते. देशावरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत अल्क फॉस्फेटेज जास्त. अल्क फॉस्फेटेज मुळांतून येत नाही, ते जवळपास सगळं सूक्ष्मजीवांचं. म्हणून काळ्या जमिनीत जिवाणू उपाशी ठेवले तर स्फुरदाच्या कामात पीक एकटं पडतं.

चोपण जमीन सगळ्यात अवघड. सोडियममुळे माती विस्कटते, हवा जात नाही, विकरं मंदावतात. नुसत्या शेणखताने ती सुधारत नाही. जिप्सम शेणखतात मिसळून द्या आणि चर काढून निचरा करा. कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून मातीतला चुना थोडाथोडा विरघळवतो आणि त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकावतो.

१२. मी जीवामृत देतो. मग शेणखत कशाला?

जीवामृत देणारे माझे अनेक मित्र आहेत आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. तरी हिशोब पाहा. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्या प्रचलित कृतीत एकरी २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ आणि २ किलो बेसन असतं. ताज्या शेणात ऐंशी टक्के पाणी. म्हणजे कोरडं अन्न एकूण सहा किलोच्या आसपास. ९०० टन मातीतल्या जिवांना ते तोंड गोड करण्यापुरतं. गुळाने काही दिवस हालचाल वाढते, मग पुन्हा पूर्वपदावर. जिथे जीवामृताबरोबर आच्छादन आहे, पालापाचोळा रानातच जिरतो, तिथे फरक दिसतो, कारण जेवण तिथून मिळतं. उघड्या, नांगरलेल्या रानात नुसतं जीवामृत देत असाल तर शेणखत किंवा आच्छादन, दोहोंपैकी एक हवंच.

१३. राब भाजल्यावर त्या मातीतले जिवाणू मरत नाहीत का? तरी रोपं कशी चांगली येतात?

रायगड, पालघर, ठाण्यातून हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. राब म्हणजे भाताची रोपं करण्यासाठी भाजून तयार केलेली जागा. शेण, कवळं, पालापाचोळा रचून पेटवलं की वरच्या बोटभर थरातले बहुतेक जीव आणि विकरं नष्ट होतात. तण-बीही जळतं, राखेतून पालाश मिळतं आणि मेलेल्या जिवाणूंच्या शरीरातलं नत्र अमोनियाच्या रूपात सुटतं. पाऊस आला की खालच्या थरातून वस्ती पुन्हा वर येते. म्हणून रोपं तरारतात. पण त्या शेणातला सगळा कर्ब आणि बहुतेक नत्र धूर होऊन गेलेलं असतं आणि खाचराच्या वाट्याला काहीच येत नाही. गादीवाफ्यावर कुजलेलं शेणखत घालून, दोन वेळा भांगलणी करून रोपं तितकीच चांगली येतात. एका वर्षी अर्धा राब भाजून, अर्धा न भाजता करून पाहा.

१४. गाईला प्रतिजैविकांची इंजेक्शनं चालू आहेत. तिचं शेण उकिरड्यात टाकावं का?

वेगळा ढीग करा. औषधाचा बराच भाग शेण-मुतातून जसाच्या तसा बाहेर पडतो. टेट्रासायक्लिनसारखी औषधं मातीच्या कणांना चिकटून राहतात, काही काळ विकरं दबतात आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू निवडून वाढतात. ही मोठी काळजी आहे, कारण त्यांचा तो गुण दुसऱ्या जिवाणूंकडे जाऊ शकतो. ढीग नीट तापू दिला (प्रश्न ५) तर बरंच औषध विघटतं, सगळं नाही. याच काळजीपोटी कोलिस्टिनचा पशुखाद्यातला आणि पशुपालनातला वापर भारतात २०१९ मध्ये बंद केला गेला. जंतांवरचं आयव्हरमेक्टिन दिल्यावर काही आठवडे शेण गाडणारे शेणकिडेही कमी होतात. कुरणात पोवटे तसेच वाळून पडलेले दिसतात, ते त्यामुळे.

१५. विकरांच्या तपासणीसाठी नमुना कसा पाठवायचा?

नेहमीच्या माती परीक्षणासारखा नाही. तिथे माती सावलीत वाळवून देतात. वाळवली की डिहायड्रोजिनेजचा आकडा कोसळतो. वाफसा असताना, खत पसरल्यावर किमान महिनाभराने, पिकाच्या ओळींमधून आठ-दहा ठिकाणची वरच्या सहा इंचांची माती घ्या. काड्या, मुळं, खताचे गोळे वेचून टाका, नाहीतर मातीऐवजी खताचीच तपासणी होईल. नमुना प्लास्टिकच्या पिशवीत ओलाच भरा, तोंड अगदी गच्च बांधू नका, बर्फाच्या डब्यात ठेवा. गोठवू नका. दुसऱ्या दिवशीपर्यंत पोचवता येत असेल तरच काढा आणि पिशवीवर शेवटचं खत कोणतं, किती आणि कधी घातलं ते लिहा.